निळ्या डोंगराची पोथी

देवीच्या नावानं मी एक खोटं बोलले, ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं लिहिताना माझा हात चालणार नाही. माझं शिक्षण नववीपर्यंत, तेही रडतखडत. लिहायची सवय नाही. फोनवर एका बोटानं टाइप करतेय, कुकरची दुसरी शिट्टी झालीय, पोरगी पाठीवर चढतेय, त्यामुळं कुठं वाक्य तुटलं तर सांभाळून घ्या. ह्या ग्रुपवरचे तुमच्या सगळ्यांचे अनुभव मी वाचते. कुणाला घाटात वाट चुकल्यावर म्हातारा भेटतो आणि वळून बघितलं तर म्हातारा नाहीच, कुणाच्या स्वप्नात देव येऊन औषध सांगतो. वाचून डोळ्याला पाणी येतं. माझ्या अनुभवात असलं काही नाही. माझ्या अनुभवात डुकरं आहेत. आता खरं ते खरं, काय करू.

आम्ही अमेरिकेत ओहायोमधल्या डब्लिनला राहतो. आमचे हे कॉम्प्युटरच्या कामात. माझं माहेर आणि सासर एकाच गावातलं, साताऱ्याकडचं, डोंगराच्या पायथ्याला, आणि डोंगरावर आमची देवी, जानाई. गावाकडं दार उघडलं की समोर तो डोंगर, पहिला नमस्कार तिकडं, मग चूल. इकडं आले आणि पहिल्या दिवशी कळलं की इथं डोंगरच नाही. पोळपाटासारखा देश. दार उघडलं की समोरच्यांचं गॅरेज. नमस्कार करायचा कुठं? पहिले सहा महिने मी त्या गॅरेजलाच हात जोडले, आपली दिशा तीच असेल असं समजून. गॅरेजवाल्या बाई बिचाऱ्या रोज मला हात हलवायच्या.

मग मुलगी झाली. नाव ठेवलं ओवी, आणि तोंडातून अक्षर नाही. एक वर्षाची झाली, बोलली नाही, सगळे म्हणाले बोलेल. दोनाची झाली, सासूबाई म्हणाल्या, तिचा बाप पण उशिराच बोलला. अडीच झाली तेव्हा कुणीच काही म्हणेना झालं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायला लागली. कान तपासले, कान चांगले. हसते, धावते, बोट दाखवून हवं ते घेते, फक्त शब्द नाही. मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाल्या, "तू तिच्याशी मराठी बोलतेस ना? मग बरोबर. दोन लँग्वेजेस झाल्या की मुलं कन्फ्यूज होतात. स्ट्रिक्टली इंग्लिश. माझा मुलगा बघ, डॉक्टर झाला." मुलगा तिथंच प्लेट घेऊन उभा होता. मी त्याला विचारलं, "जेवलास का रे?" तर तो म्हणाला, "सॉरी?" तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण काकू शिकलेल्या, मी घाबरलेली. घाबरलेल्या माणसाला कुणीही काहीही सांगावं.

माझ्याकडं इंग्लिश किती, तर कम, गो, सिट, ईट, नो, गुड, मिल्क आणि हॅव अ नाइस डे. एवढ्या सामानात मी लेकरू वाढवायला काढलं. "ओवी, कम. सिट. ईट. गुड." एक दिवस ह्यांनी लॅपटॉपमधून मान वर केली आणि म्हणाले, "अगं, तू पोरगी वाढवतेस का कुत्रं पाळतेस?" मी हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. शब्द संपले की मी गप्प. मी गप्प म्हणून ती गप्प. दिवसभर घरात बोलणारा काय तो आमचा फ्रीज.

फक्त देवघरासमोर मराठी चालेल असं मी ठरवलेलं, कारण जानाईला इंग्लिश कुठनं येणार? रोज संध्याकाळी दिवा लावला की ओवीला मांडीवर घेऊन म्हणायचे, "म्हण, जानाई. जा-ना-ई." ती माझ्या तोंडाकडं बघायची, वॉशिंग मशीनमधले कपडे फिरताना बघतात तसं. आमच्याकडं उशिरा बोलणाऱ्या लेकरासाठी देवीला घंटा बोलतात, म्हणजे देवळात घंटा बांधायचा नवस. मी घंटा बोलले. चहा सोडला, आणि चहा सोडणं म्हणजे काय ते दिवसाला पाच कप पिणाऱ्या बाईलाच माहीत, पहिला आठवडा तर मी भिंतीला डोकं टेकून स्वयंपाक केला. आणि वर अट घातली. म्हटलं, जानाई, हिच्या तोंडून पहिला शब्द निघेल तो तुझं नाव निघू दे. मला वाटलं देवी खूश होईल. बघा ना, आई पण नको म्हटलं मी. केवढा माझा त्याग.

इकडं स्पीचच्या डॉक्टरांचा नंबर लागायला आठ-नऊ महिने. मग दोन तासांवरच्या एका मोठ्या शहरातून फोन आला की कुणीतरी कॅन्सल केलंय, येता का, दुपारी दोन वाजता. आदल्या दिवशी ह्यांनी फॉर्म भरला. त्यात एक प्रश्न होता, मूल किती शब्द बोलतं. ह्यांनी तिथं शून्य काढलं. चांगलं गोल, वळणदार. गाडीत बसेपर्यंत मी ते शून्यच बघत होते. मला दोनच भीती होत्या. एक, ते म्हणतील ही कधीच बोलणार नाही. आणि दुसरी, ते मला विचारतील, तू हिची आई ना, मग तू इतके दिवस काय केलंस?

ट्रॅफिक लागेल म्हणून हे सहा वाजताच उठवून बसले, नऊला निघालो, आणि ट्रॅफिक लागलं नाही, त्यामुळं अकराला आम्ही तिथं हजर. नोव्हेंबरचा महिना, बाहेर कडाक्याची थंडी, गाडीत ओवीचं डायपर भरलेलं, आणि नेमका ह्यांना ऑफिसचा कॉल. समोर खांबाखांबांची मोठी इमारत होती. हे म्हणाले, "ते म्युझियम आहे, फ्री आहे, आत गरम असेल. डायपर बदल, मी अर्ध्या तासात आलो."

"अहो, पण मला कुणी काही विचारलं तर?"

"हॅव अ नाइस डे म्हण," असं म्हणून त्यांनी फोन कानाला लावला.

डायपर झालं, पण बाथरूममधून बाहेर येताना मी उलट्या दाराला वळले. पहिल्या खोलीत सगळे नुसते उघडे पुतळे. मी ओवीच्या डोळ्यांवर हात ठेवला, स्वतःचे अर्धे मिटले आणि तशीच तरातरा निघाले ती दोन खोल्या ओलांडून एका अंधाऱ्या खोलीत घुसले. आधी वाटलं लाइट गेली. मग बघते तर खोली थंडगार, कुणी बोलत नाही, आणि मधे काचेच्या पेट्यांवर तेवढाच समईसारखा उजेड. मला काय वाटणार? गाभारा वाटला. आणि त्या काळोखात आमच्या ओवीचे बूट! पाऊल टाकलं की टाचेत लाल-हिरवे दिवे लागतात असले बूट. ती इकडं पळाली, तिकडं पळाली, सगळ्या खोलीभर दिवाळी. कोपऱ्यात निळ्या कोटातले एक उंच, पांढऱ्या दाढीचे पहारेकरी बाबा बसलेले. ते उठले, आमच्याकडं आले आणि बोटानं ओवीचे बूट दाखवून काहीतरी म्हणाले.

मी समजायचं ते समजले. मेली अक्कल, गाभाऱ्यात चपला! मी पटकन ओवीचे बूट काढले, माझेही काढले, आणि उंबऱ्याबाहेर नीट जोडी लावून ठेवले. बाबांनी तोंड उघडलं. मी म्हटलं, "हॅव अ नाइस डे." त्यांनी तोंड मिटलं.

मोजे घालून आत आले आणि बघते तर काचेत पोथ्या. लहानशा, काही तर तळहाताएवढ्या. अक्षरं काळी, कडेनं फुलं, पानं, एक माशी तर इतकी खरी की मी हाकलायला गेले. एका पोथीत निळ्या लुगड्यातली बाई खिडकीशी बसलेली, मांडीवर बाळ, बाळानं तिचा पदर मुठीत धरलेला. आणि खिडकीतून ऊन आत आलेलं. ते ऊन कसं काढलं असेल? केसाएवढ्या बारीक सोन्याच्या रेघा, एकाशेजारी एक. खोलीत उजेड नव्हता, पण त्या पानात होता. ती येशूची आई हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त हात जोडले. म्हटलं, बाई, तू कोण मला माहीत नाही, पण तुझ्या मांडीवर लेकरू आहे म्हणजे तुला माझं कळेल.

सगळ्यात शेवटच्या पेटीत ते पान होतं. पान कसलं, खिडकीच म्हणा. ओवीला कडेवर घेऊन मी वाकले. वर आकाश गडद निळं, खाली येता येता फिकं होत गेलेलं, कडेला तर नुसतं दूध. दिवस कासराभर वर आल्यावर जसं तिरकं ऊन असतं तसं ऊन, झाडाच्या एका अंगाला सोनं, दुसऱ्या अंगाला सावली. गवतानं शाकारलेली घरं, एक ओढा, वळत वळत गेलेली वाट, आणि पार मागं डोंगर. जवळचा हिरवा, त्याच्या मागचा निळा, त्याच्याही मागचा इतका फिका की आहे का नाही कळू नये. लांबचा डोंगर असाच दिसतो. इतक्या वर्षांत मी डोंगर बघितला नव्हता, आणि बघितला तो इथं, बोटभर उंचीचा, काचेत.

"अगंबाई, ओवी, आपला डोंगर!" माझ्या तोंडून निघून गेलं. मराठीत. आणि एकदा निघालं ते थांबेचना. पाटाची मोरी फुटावी तसं झालं. काकू विसरले, कम-सिट-ईट विसरले, दोनची वेळ विसरले. "हे बघ, हा ओढा, हितं आजी धुणं धुते. ही वाट. ह्या वाटेनं तुझी आई शाळेला जायची, म्हणजे अर्ध्या वाटेत बोरं खायला पळायची, म्हणून नववीत बसली. आणि त्या पार मागच्या निळ्या डोंगरावर आपली जानाई. दिसत नाही, पण हाय. आणि हा मामा बघ, झाडावर काठी फेकतोय, चिंचा पाडतोय. आणि खाली कोण गं? खाली डुकरं! हे एक डुक्कर, हे दुसरं डुक्कर, आणि हे हावरट डुक्कर बघ कसं तोंड वर करून बसलंय, तुझे बाबा भजी तळताना कढईपाशी उभे राहतात तसं."

मधेच कुणीतरी माझ्या गुडघ्याशी छोटं स्टूल ठेवलं. तेच पहारेकरी बाबा. हातात एक भिंग दिलं. मी स्टुलावर उभी राहिले... नाही, बसले, ओवीला मांडीवर उभी केली, भिंगातून ते डुक्कर भलंमोठं झालं, त्याच्या पाठीवर उन्हाची एक सोनेरी रेघ, आणि माझ्या कानाशी आवाज आला.

"डुक्कल."

मला आधी वाटलं दुसरंच कुणी बोललं. माझं बोट तसंच काचेवर. ओवीनं माझी हनुवटी धरून तोंड फिरवलं, म्हणजे ऐकू आलं नाही की काय मला, आणि मोठ्यांदा म्हणाली, "डुक्कल! डुक्कल!" सगळी खोली वळून बघायला लागली. आणि मी, माझी मलाच लाज वाटते लिहिताना, मी तिच्या तोंडावर हात ठेवला. जे तोंड उघडावं म्हणून इतके दिवस देव पाण्यात ठेवले, ते उघडल्यावर पहिलं काम मी काय केलं, तर झाकलं. कारण माझ्या डोक्यात एकच, गाभाऱ्यात ओरडली, आणि ओरडली काय, तर डुक्कर! जानाईला काय वाटेल!

बाबा आमच्यासमोर चक्क जमिनीवर उकिडवे बसले, गुडघे कडकड वाजले त्यांचे. मान हलवून त्यांनी मला खूण केली, हात काढ, बोलू दे. मग पेटीकडं बोट करून त्यांनी ओवीला विचारलं, "वॉट्स दॅट?" ओवी म्हणाली, "डुक्कल." ते गंभीरपणे म्हणाले, "डुक्कल." ती म्हणाली, "डुक्कल!" असं आठ-दहा वेळा झालं. मागं एक म्हातारं अमेरिकन जोडपं उभं होतं. त्यांनाही ओवीनं बोट करून सांगितलं. त्या आजींनी दोन प्रयत्नांत बरोबर म्हटलं, आजोबांना जमेना, तर आजींनी त्यांना कोपरानं ढोसलं.

तेवढ्यात हे धापा टाकत आले. खोलीच्या दारात माझे बूट, ओवीचे बूट, आणि त्यांच्या शेजारी नीट लावलेल्या आणखी दोन जोड्या. त्या आजी-आजोबांनी आमचे बघून स्वतःचे काढलेले! ह्यांनीही काही न विचारता आपले काढले. देवळाबाहेर चपला दिसल्या की आपला माणूस विचारत बसत नाही.

"अहो, बोलली," मी म्हटलं.

"काय बोलली?"

"डुक्कर."

"मला?"

ओवीनं त्यांच्याकडं बघितलं, पानाकडं बघितलं, आणि पानाकडं बोट दाखवून म्हणाली, "डुक्कल." हे माणूस लग्नात रडलं नाही, व्हिसा नाकारला तेव्हा रडलं नाही. ते मोज्यांवरच तिथं फतकल मारून बसले आणि बाह्यांनी डोळे पुसायला लागले. आजींनी त्यांना पर्समधून टिश्यू दिला.

मग बाबा सांगत गेले आणि हे मला मराठीत सांगत गेले. ती पोथीच निघाली! पाचशे वर्षांपूर्वीची, फ्लँडर्स म्हणून भाग आहे तिकडची, आत्ताच्या बेल्जियमकडची. दिवसाच्या कुठल्या वेळी काय म्हणायचं ते नित्यपाठाचं पुस्तक, कुण्या घरच्या बाईचं, आणि पुढं बारा महिन्यांची बारा कामं चितारलेली. हा नोव्हेंबर. मामा चिंचा पाडत नव्हता, ओकच्या झाडाची फळं पाडत होता, डुकरांना चारायला. पानं वासराच्या कातड्याची. ते ऐकून मी जरा मागं सरकले, मग आठवलं, जानाईपुढं संबळ वाजतो तो तरी कशाचा असतो. उजेडानं हे रंग विटतात म्हणून खोलीत काळोख, आणि म्हणून पानही अधूनमधून उलटतात. हे पान कालच उलटलेलं. परवापर्यंत तिथं दुसरं चित्र होतं. मी त्यावर काही म्हणत नाही, बाबा म्हणाले ते सांगतेय.

आणि एक सांगितलं त्यांनी. तो भाग अगदी सपाट आहे म्हणे, ओहायोपेक्षा सपाट. तिथल्या चितारी लोकांच्या दारातून एकही डोंगर दिसत नव्हता. मग हे डोंगर कुठून आले? बाबा हसले, खांदे उडवले. म्हणाले, निळा रंग मात्र खऱ्या डोंगरातला दगड कुटून केलेला असायचा. आणि जाताना ह्यांनी बुटांबद्दल माफी मागितली तेव्हा कळलं, बाबा मघाशी रागावले नव्हतेच. त्यांच्या नातीचे तसलेच दिव्यांचे बूट आहेत, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

दोन वाजता आम्ही डॉक्टरकडं. तिथल्या बाई वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी खेळण्यातली जनावरं मांडली आणि आमच्या लेकीनं गाय, घोडा, हत्ती सगळ्यांना डावलून डुक्कर छातीशी धरलं आणि त्याचं नाव सांगितलं. बाईंनी ह्यांना अर्थ विचारला, हसल्या, आणि फॉर्मवरचं शून्य खोडून तिथं एक लिहिला. मी परीक्षेत कधी इतके मार्क मिळवले नव्हते. मग त्यांनी विचारलं, घरी आई कुठली भाषा बोलते? ह्यांनी काकूंचा सल्ला सांगितला. बाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडं बघून, ह्यांच्याकडं नाही, माझ्याकडं बघून सावकाश बोलल्या आणि ह्यांनी मला सांगितलं, "आईला जी भाषा भरभरून येते तीच बोलायची. दिवसभर. हिला शब्द हवेत, आणि ते तुमच्यापाशी आहेत." उशीर झालाय, दर आठवड्याला यावं लागेल, हेही म्हणाल्या. त्या दिवसापासून मी जी बोलत सुटलेय ती आजपर्यंत. हे म्हणतात, बंद कसं करायचं ते विचारायचं राहिलं त्या बाईंना.

आता माझं पाप. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे गावाकडं संध्याकाळ, मी सासूबाईंना फोन लावला. "आत्या, ओवी बोलली!" त्यांना घंटेचं, चहाचं, अटीचं सगळं माहीत होतं. त्यांनी दम रोखून विचारलं, "काय म्हणाली गं पहिलं?" आता डुक्कर म्हणून कसं सांगू? म्हणाले, "जानाई म्हणाली." पलीकडून मग मुसमुसणं ऐकू आलं. म्हातारी रडत होती.

तासाभरात सगळ्या गावाला कळलं. अमेरिकेतल्या पोरीनं पहिलं नाव घेतलं ते देवीचं! सासूबाईंनी पेढे वाटले, घंटा आणली, पौर्णिमेला बांधायचं ठरलं, आणि म्हणाल्या, त्या वेळी व्हिडिओवर ओवीनं सगळ्यांसमोर नाव घ्यायचं. मधे तीन आठवडे होते. तीन आठवडे मी ओवीच्या मागं, "जानाई म्हण, सोन्या, जानाई." ती दे म्हणायला शिकली, नको म्हणायला शिकली, बाबा म्हणायला शिकली. जानाई नाही.

पौर्णिमा उजाडली. फोन सासूबाईंच्या हातात, त्यामुळं मला निम्मा वेळ देवळाचं छत आणि निम्मा वेळ त्यांची नथ दिसत होती. मागं तीस-चाळीस बायका. गुरवमामा, आमचे पुजारी, मळवट भरून सगळ्यात पुढं, तोंड फोनला लावून. "म्हण बाळा, म्हण, कोणाचं नाव?" ओवीनं त्यांच्याकडं नीट बघितलं. चेहरा उजळला तिचा. आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"डुक्कल!"

गुरवमामांचं तोंड फोनपासून मागं सरकलं. मागून एक बाई म्हणाली, "काय म्हणाली गं?" दुसरी म्हणाली, "मामांना वळखलं तिनं." आणि मी ढसाढसा रडायला लागले. सगळं सांगितलं. म्युझियम, बूट, चिंचा, माझं खोटं, सगळं, चाळीस बायकांसमोर. गुरवमामांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "तसं बघाय गेलं तर वराह हा सुद्धा अवतारच..."

"तुम्ही गप बसा मामा," सासूबाई म्हणाल्या. मग फोन जवळ घेतला, पहिल्यांदाच त्यांचा पूर्ण चेहरा दिसला. "अगं खुळे, ती देवी हाय का दुकानदार? तू माप सांगायचं आन तिनं तेवढंच तोलून द्यायचं? पोरीचं तोंड उघडलं ना? मग तिनं ते कशानं उघडलं ही तिची मर्जी. बांधा रे घंटा." घंटा बांधली, वाजवली, इकडं ओवीनं टाळ्या पिटल्या. मी डोळे पुसते न पुसते तोवर सासूबाई परत फोनवर. "आन देवीच्या नावानं खोटं बोललीस त्याचा दंड. आणखी महिनाभर चहा बंद. आणि जे झालं ते आहे तसं चार लोकांना सांगायचं."

चहाचा महिना मी पाळला. सांगायचं राहिलं होतं, ते आज करतेय. लाजेनं चार महिने गेले. मला काय मागायचं ते माहीत होतं, कसं मिळावं तेही मीच ठरवलेलं, शब्दसुद्धा मीच निवडलेला. आणि मिळालं ते परक्या मुलखात, परक्या देवाच्या पोथीतून, भाषा न कळणाऱ्या माणसाच्या हातून. आता मी मागते कमी. त्या पहारेकरी बाबांचं नाव मी विचारलं नाही, पण दिवा लावते तेव्हा त्यांच्या कडकड वाजणाऱ्या गुडघ्यांसाठी एक नमस्कार जास्त करते.

म्युझियमच्या दुकानातून ह्यांनी त्या पानाचं पोस्टकार्ड आणलं होतं. ते आमच्या देवघरात आहे. हळदीकुंकवाला त्या काकू आल्या, म्हणाल्या, "हे काय गं, देवघरात डुकरं?" मी उत्तर द्यायच्या आत ओवी त्यांचा हात धरून त्यांना घेऊन बसली, आणि ओढा, आजी, काठी, हावरट डुक्कर, बाबा, भजी, सगळं सांगून झाल्यावरच सोडलं. काकू तेवढ्यात दोनदा "अच्छा" म्हणाल्या.

दंड संपला त्या दिवशी सकाळी मी चहा केला. आलं घालून, पूर्ण कप. तो घेऊन दार उघडलं, ओवी माझ्या पायाशी. समोर तेच गॅरेज, मागं नुसतं सपाट आकाश, कडेला दुधासारखं फिकं झालेलं. मी सवयीनं कप एका हातात धरून नमस्कार करायला गेले. ओवीनं माझा गाउन ओढला आणि गॅरेजच्या वर, पार लांब, काहीच नव्हतं तिथं बोट केलं.

"आई, तिकलं जानाई," ती म्हणाली. "दिसत नाही. पण हाय."

मी तिला शिकवलं नव्हतं. मी फक्त एकदा बोलले होते, त्या काळोख्या खोलीत, स्वतःशीच म्हणा ना. आम्ही दोघींनी तिकडं बघून हात जोडले. समोरच्या बाईंनी हात हलवला. चहा गार झाला, आणि तो तसाच मी सगळा प्यायले.